वहाळावरचा बांध

कर्ली नदी वालावलपाशी येते तेव्हा ती धड नदी राहिलेली नसते आणि पुरती खाडीही झालेली नसते. भरतीला देवबागच्या मुखाकडून खारे पाणी वर चढते, ओहोटीला सह्याद्रीकडून आलेले गोडे पाणी त्याला मागे रेटते. काठावरच्या माणसाला त्या दिवसाचे पाणी कोणत्या जातीचे आहे हे जिभेनेच ठरवावे लागते. बाहेरच्या लोकांना वालावल ठाऊक असते ते लक्ष्मीनारायणाच्या मंदिरामुळे आणि त्याला लागून असलेल्या तळ्यामुळे. देवळातून दर्शन घेऊन परतणाऱ्या पाहुण्याला गावाच्या खालच्या अंगाला नदीकाठी, माड-पोफळीच्या आड, एक निराळा संसार चाललेला असतो याची कल्पना नसते.

त्या काठावर आबांचे घर आहे. मुंबईत टपाल खात्यात ३४ वर्षे नोकरी करून ते गावी परतले, वडिलांचे पडके घर उभे केले आणि ४० माड, काही कलमे व विहीर एवढ्या मिळकतीवर समाधानाने राहू लागले. मुलगा इंग्लंडमध्ये, डेव्हन परगण्यातील एक्सटर शहरात. दोन-तीन वर्षांनी एकदा तो कुटुंबासह येतो. त्या वर्षी तो नाताळच्या सुट्टीत आला. बरोबर पत्नी आणि १० वर्षांचा मुलगा.

आल्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी सकाळी आजोबा आणि नातू नदीच्या पायऱ्यांवर बसले होते. ओहोटी लागली होती, पाण्यावर धुके होते. समोरच्या कोंडात तीन डोकी वर आली. मुलगा उभाच राहिला.

“आजोबा, बीव्हर! तीन बीव्हर!”

आबांनी डोळ्यांवर हात धरून पाहिले. डोक्यांच्या मागे पाठीची कमान दिसली, मग निमुळते शेपूट, आणि मग काहीच नाही. थोड्या वेळाने पलीकडच्या खडकाजवळ शीळ घातल्यासारखा बारीक आवाज झाला.

“बीव्हर नव्हे रे बाळा, तो हूद,” आबा म्हणाले.

कोकणात ज्याला हूद किंवा ऊद म्हणतात, तेच पुस्तकातले पाणमांजर. काही ठिकाणी त्याला उदमांजर असेही म्हणतात. पण तेच नाव अन्यत्र झाडावर फिरणाऱ्या निशाचर कांडेचोरालाही दिलेले असल्याने घोटाळा होतो. मांजराशी त्याचा काही संबंध नाही, तो मुंगसाच्याही कुळातला नाही. भारतात पाणमांजराच्या तीन जाती आहेत. खाड्यांत आणि मोठ्या नद्यांत कुटुंबाने राहणारे, ७ ते ११ किलो वजनाचे, तुकतुकीत केसांचे पाणमांजर वालावलच्या पाण्यात दिसते. डोंगराकडच्या झऱ्यांत, तिलारीसारख्या भागात, त्याचा धाकटा भाऊ आहे. तो जगातल्या सर्व पाणमांजरांत लहान, आणि खेकडे-गोगलगाई हे त्याचे मुख्य अन्न. तिसरी जात थंड प्रदेशातल्या नद्यांशी अधिक जोडलेली, युरोपपर्यंत पसरलेली.

बीव्हर भारतात कोठेही नाही. मुलाची चूक मात्र अगदीच निराधार नव्हती. दोघेही पाण्यात राहणारे, तपकिरी, दाट केसांचे, पोहताना केवळ डोके वर ठेवणारे. पण बीव्हर हा उंदीर-खारीच्या वर्गातला, २० किलोच्या आसपास वजनाचा, चपट्या रुंद शेपटीचा आणि निखळ शाकाहारी प्राणी. झाडाची साल, कोवळ्या फांद्या, पाणवनस्पती यांवर तो जगतो. त्याचे पुढचे दात नारिंगी असतात, कारण त्यांच्या कवचात लोह असते, आणि त्या दातांनी तो झाड तोडतो. तोडलेल्या फांद्या, चिखल आणि दगड यांचा तो ओढ्यावर बांध घालतो. हेतू सरळ असतो. घराचे दार पाण्याखाली राहावे आणि शत्रूला आत येता येऊ नये, एवढी पाण्याची खोली त्याला हवी असते. त्याच्या या स्वार्थातून मागे तळे साठते, गाळ अडतो, बेडूक, किडे, पक्षी येतात आणि पाण्याचा वेग मंदावतो.

आबांना हे सारे नातवानेच सांगितले, आणि मोठ्या अधिकाराने सांगितले. कारण त्याच्या शाळेची सहल बीव्हरची तळी पाहायला गेली होती. योगायोग असा की ज्या नदीवर हे बीव्हर आहेत तिचे नावच ऑटर, म्हणजे पाणमांजर. ब्रिटनमधून कातडे, मांस आणि गंधद्रव्य यांसाठी झालेल्या शिकारीने बीव्हर सुमारे ४०० वर्षांपूर्वी नाहीसा झाला होता. मग या ऑटर नदीवर काही बीव्हर दिसू लागले. ते कोठून आले हे कोणी सांगेना. २०१४ मध्ये त्यांना पिल्ले झाल्याचे चित्रीकरणातून सिद्ध झाले तेव्हा सरकारने त्यांना पकडून हलवण्याचे ठरवले. गावकऱ्यांनी विरोध केला. २०१५ मध्ये डेव्हनच्या वन्यजीव न्यासाला पाच वर्षांच्या प्रयोगाची परवानगी मिळाली, एक्सटर विद्यापीठाने मोजमापे घेतली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये बीव्हरांना कायम राहू देण्याचा निर्णय झाला. नदीकाठच्या ईस्ट बडली या गावाच्या वरच्या अंगाला बीव्हरांनी बांध घातले होते. पुराचे पाणी तेथे अडून सावकाश उतरू लागले आणि गावात येणारा लोंढा कमी झाल्याचे मोजमापांतून दिसले. काही शेतकऱ्यांच्या जमिनीत पाणी शिरले, हेही त्याच अहवालांत आहे. फुकटचे काम करणारा कारागीर नेहमी आपल्या सोयीच्या जागीच काम करील, असे नाही.

“मग इथे बांध कोण घालतं?” मुलाने विचारले.

आबा जरा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी त्याला माडांच्या बागेमागच्या वहाळावर नेले.

डोंगरातून उतरणारा तो लहानसा ओढा नदीला मिळण्यापूर्वी मळ्यातून जातो. पावसाळ्यानंतर जानेवारीपर्यंत त्यात बऱ्यापैकी पाणी असते, पुढे धार बारीक होत जाते. आबांच्या लहानपणी, देवदिवाळी झाली की वाडीतली माणसे जमत आणि एका ठरलेल्या जागी बांध घालत. वहाळ तेथे १५ फुटांहून फारसा रुंद नाही. दोन्ही काठांच्या खडकांमुळे जागा निसर्गानेच नेमून दिलेली. चिव्याच्या काठ्या रोवायच्या, त्यांत फांद्या आणि झावळ्या विणायच्या, पेंढा कोंबायचा, मग चिकणमातीचे थर थापायचे. साठलेले पाणी पाटाने मळ्यात जाई आणि त्यावर वायंगणाचे भात होई. पहिल्या पावसात बांध वाहून जाई. त्याचे कोणालाच दुःख नसे, कारण तो वाहून जाण्यासाठीच घातलेला असे.

मुलगा ती जागा पाहत होता. दोन्ही खडकांत काठ्या रोवण्याच्या खोबण्या अजून होत्या.

“म्हणजे इथले बीव्हर तुम्हीच होतात,” तो म्हणाला.

हे वाक्य आबांनी पुढे कितीतरी जणांना सांगितले. त्यात नातवाचे कौतुक होते. पण थोडी लाजही होती. कारण बांध घालणे बंद होऊन १४ वर्षे झाली होती आणि ते कोणी ठरवून बंद केले नव्हते. तरुण मुंबईला गेले, वायंगण सुटले, घरोघर विहिरींवर वीजपंप बसले. एका वर्षी माणसे कमी पडली म्हणून राहिला, दुसऱ्या वर्षी गेल्या वर्षी घातला नव्हता म्हणून राहिला. खाते बंद करण्याचा अर्ज कोणी देत नाही. व्यवहार होत नाहीत म्हणून ते निष्क्रिय होते, आणि मग त्यातल्या शिलकेची आठवणही कोणाला उरत नाही.

शिलक मात्र विहिरीत होती, आणि ती कमी होत होती. अलीकडे आबांच्या विहिरीचे पाणी मार्चअखेर मचूळ लागू लागले होते. खाडीकाठच्या गावांत हे दुखणे नवे नाही. जमिनीखाली गोड्या पाण्याचा दाब असतो तोवर खारे पाणी बाहेर राहते. वरून मुरणे घटले आणि पंपाने उपसा वाढला की खारे पाणी आत सरकते. आबा एप्रिल-मे महिन्यांत पिण्याचे पाणी वरच्या वाडीतून आणवत. यामागे बांधाचा काही संबंध असेल असे त्यांच्या मनात पूर्वी आले नव्हते असे नाही. पण सत्तरीतल्या माणसाने एकट्याने काय करावे, हा विचार सोयीचा होता.

वालावलला पाणी अडवण्याची परंपरा दूर शोधावी लागत नाही. कर्ली ओलांडून नेरूरपारच्या पुलावरून पलीकडे गेले की धामापूरचे तळे आहे. विजयनगरच्या राज्याचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० साली ते बांधले. भगवतीच्या देवळाच्या पायऱ्या थेट त्याच्या पाण्यात उतरतात. दोन टेकड्यांमधली घळ मातीच्या बांधाने अडवली आहे आणि जवळजवळ पाच शतके ते पाणी धरून आहे. मालवण शहराला त्यातून पाणी जाते. आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा दर्जा दिला. ज्या वर्षी डेव्हनच्या बीव्हरांना मुक्कामाची परवानगी मिळाली, त्याच वर्षी. आबा नातवाला ते दाखवायला घेऊन गेले. मुलाने बांधावर उभे राहून बराच वेळ पाण्याकडे पाहिले आणि एवढेच विचारले की याची दुरुस्ती कोण करतं.

वालावलात मात्र त्या दिवसांत निराळेच प्रकरण शिजत होते. शेजारच्या घरातला गृहस्थ नदीत कांडाळ लावतो. तिन्हीसांजेला जाळे लावायचे, पहाटे काढायचे, यावर त्याचे घर चालते. हुदाच्या कुटुंबाला जाळ्यात अडकलेला मासा म्हणजे ताटात वाढलेले पान. ते मासा ओढतात आणि माशाबरोबर जाळेही फाटते. धामापूरहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी तो फाटके जाळे खांद्यावर टाकून अंगणात उभा राहिला.

“आबानू, तुमच्या हुदान माजा जाळा परत फाडल्यान.”

हूद आबांचा कसा झाला, हा प्रश्न होता. पण नातवाला रोज सकाळी हूद दाखवायला नेणारा माणूस म्हणून वाडीत तसा बोभाटा झाला होता. आबांनी त्याला बसवले, चहा दिला. बोलता बोलता कळले की वहाळाच्या तोंडाशी त्याने तारेचा फास लावला आहे.

आबांनी कायद्याची गोष्ट काढली. पाणमांजराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, मारणाऱ्याला तुरुंगवास होऊ शकतो. एकेकाळी याच्या कातड्याचा मोठा चोरटा व्यापार चाले आणि तो भारतातून उत्तरेकडे तिबेट-चीनपर्यंत जाई. २०१९ पासून या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदी आहे. शेजाऱ्याने शांतपणे ऐकून घेतले.

“कायदो जाळा शिवता काय?” तो म्हणाला. “वाघान गोरू मारल्यान तर सरकार पैशे देता. माज्या जाळ्याचे कोण देतलो?”

याला आबांकडे उत्तर नव्हते आणि प्रामाणिकपणे पाहिले तर या लेखातही नाही. वन्यप्राण्यांचे कौतुक करणाऱ्यांची घरे बहुधा त्या प्राण्यांच्या वाटेवर नसतात. बांगलादेशात सुंदरबनच्या परिसरातले काही कोळी याच जातीच्या हुदांना दोरीने बांधून, त्यांच्याकरवी मासे जाळ्यात हाकून घेतात. तेथे हूद हा घरचा गडी असतो. वालावलच्या कोळ्याला तो वाटेकरी आहे, आणि वाटा न विचारता घेणारा.

त्या रात्री जेवताना घरातही विषय निघाला. सून सांगलीकडची, कटाक्षाने शाकाहारी कुटुंबातली. तिने सरळ विचारले, “बाबा, बीव्हरचे कौतुक मला समजते. तो कोणाला मारत नाही. पण दिवसाला किलोभर मासे खाणाऱ्या प्राण्यासाठी एवढी तळमळ कशाला?”

आबांनी उत्तर देण्याची घाई केली नाही. मग ते म्हणाले, की हूद खातो ते भुकेपुरते, आणि त्याला दुसरे काही खाता येत नाही. त्यांचा मुलगा, जो इतका वेळ गप्प होता, त्याने मात्र एक निराळी माहिती सांगितली. इंग्लंडच्या नद्यांतून पाणमांजरे गेल्या शतकाच्या मध्यावर झपाट्याने नाहीशी झाली. शिकार पूर्वीही होत होती, ते कारण नवे नव्हते. नवी होती ती शेतात वापरली जाणारी डिलड्रिनसारखी कीटकनाशके. ती पावसाबरोबर ओढ्यात येत, किड्यांतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या माशांत साचत जात, आणि शेवटच्या पायरीवरच्या पाणमांजराच्या शरीरात त्यांचा साठा होई. ती औषधे बंद झाली, १९७८ मध्ये शिकारीवरही बंदी आली, आणि पाणमांजर हळूहळू परतले. २०११ पर्यंत इंग्लंडच्या प्रत्येक परगण्यात त्याची नोंद झाली. सिंगापूरची हकीकतही अशीच. तेथली नदी १९७७ पासून १० वर्षे खपून स्वच्छ करण्यात आली. पुढे नव्वदीच्या दशकाअखेर वालावलचीच ही जात त्या बेटावर परतली, आणि आता गगनचुंबी इमारतींच्या मधल्या कालव्यांत पिल्लांसह पोहताना दिसते.

म्हणजे हूद काही बांधत नाही. त्याचे काम निराळे आहे. ज्यांनी बँकेत उमेदीची वर्षे घालवली आहेत त्यांना ते चटकन उमगेल. लेखापरीक्षक शाखेत येतो तेव्हा तो ठेवी आणत नाही, कर्जे वाटत नाही, उलट दोन दिवस सर्वांचा वेळ खातो. पण ज्या शाखेत तो कधी फिरकतच नाही, तिच्या ताळेबंदावर विश्वास ठेवू नये. नदीत मासे पुरेसे आहेत का, पाण्यात विष नाही ना, काठावर बिळासाठी मुळांची निवांत जागा उरली आहे का, वाळूचा पट्टा शाबूत आहे का, या सर्व नोंदी तपासून मगच हूद पिल्ले घालतो. एका रकान्यात खोट निघाली तरी तो शेरा लिहीत बसत नाही. निघून जातो.

आबांनी ती माहिती आपल्या कलमांवरच्या फवारणीला लावून पाहिली की नाही, हे ठाऊक नाही. बोलले मात्र नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते शेजाऱ्याकडे गेले. फास काढण्याची विनंती त्यांनी केली नाही. जाळ्याच्या निम्म्या किमतीचे पैसे त्यांनी पुढे केले आणि सांगितले की वहाळावर बांध घालायचा आहे, हात कमी पडतात. शेजाऱ्याने पैसे घेतले नाहीत. घेतले असते तर बरे झाले असते असे सुनेचे मत पडले, आणि ते चुकीचे म्हणता येणार नाही. गरज होती, केवळ मान आड आला. “उद्या येतंय,” एवढेच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ११ माणसे जमली. त्यांतली सात साठीच्या पुढची. मुलाचा बाप संगणकावर काम करणारा. त्याच्या हाताला अर्ध्या तासात फोड आले. चिव्याच्या काठ्या खोबण्यांत बरोबर बसल्या तेव्हा एक म्हातारे गृहस्थ उगाचच हसले. काही जणांनी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरून आणली होती. ती पद्धत आता सर्वत्र रूढ आहे आणि सोपीही आहे. पण शेजाऱ्याने झावळ्या विणण्याचा आग्रह धरला आणि स्वतः पाण्यात उतरून, जाळे विणावे तशा त्या विणल्या. त्याच्या वडिलांकडे बांधाचे हे काम असे, ही गोष्ट आबाही विसरले होते.

सायंकाळी पाणी साठू लागले. रात्री बांध एका कडेने फुटला. सकाळी जाऊन पाहतात तो डाव्या खडकाजवळ हातभर भगदाड आणि तळे अर्धे रिकामे. मुलाने तेव्हा आजोबांना सांगितले की बीव्हरला दुरुस्तीची जागा डोळ्यांनी शोधावी लागत नाही; वाहत्या पाण्याचा आवाज आला की तो काठ्या-चिखल घेऊन तिकडे धावतो. पुन्हा पोती आली, माती आली, एका फळीचा सांडवा ठेवला. त्या रात्री आबा दोनदा उठून माडांच्या बागेपर्यंत गेले आणि अंधारात उभे राहून ऐकत राहिले. सांडव्यावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज एका सुरात चालला होता.

सुट्टी संपली, मंडळी एक्सटरला परतली. तळे राहिले. त्याची लांबी मोठी नव्हती, वरच्या वळणापर्यंत साधारण १०० पावले. जानेवारीअखेर तेथे बेडूक आले, मग खंड्या, मग बगळे. मळ्यातल्या ओल्या कडांवर खेकड्यांची बिळे दिसू लागली. दोन घरांनी कुळीथ आणि भाजीचे वाफे केले. वायंगणाचे भात मात्र कोणी केले नाही, तेवढी माणसे आता नाहीत. फेब्रुवारीच्या मध्यावर एका सकाळी बांधाच्या चिखलात पाच बोटांचे, पडदा असलेल्या पंजाचे ठसे उमटलेले दिसले. शेजारच्या सपाट खडकावर काळपट विष्ठा होती आणि तिच्यात माशांचे खवले नव्हे तर खेकड्यांच्या कवचाचे तुकडे चमकत होते.

आबांनी त्या खडकाचे छायाचित्र काढून नातवाला पाठवले. विष्ठेचे छायाचित्र लंडनच्या विमानतळावर पोहोचलेल्या सुनेच्या मोबाइलवरही गेले, याबद्दल पुढे थोडी बोलणी बसली. मुलाने ते शाळेत दाखवले म्हणे. त्याच्या शिक्षिकेने गोव्यात चोडण बेटावर पाणमांजरांचा अभ्यास चालतो ते शोधून काढले. अशी ठरावीक जागी टाकलेली विष्ठा म्हणजे हुदाच्या कुटुंबाची नाममुद्रा असते, ही माहिती डेव्हनमधून वालावलला आली.

विहिरीचे म्हणाल, तर त्या वर्षी पाणी मचूळ झाले ते एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. मागच्या वर्षांपेक्षा तीन आठवडे उशिरा. पण त्या साली परतीचा पाऊसही लांबला होता, आणि एका वर्षाच्या आकड्यावरून कल ठरवू नये हे शहाण्या माणसाला सांगावे लागत नाही. आबा आता विहिरीच्या कठड्याजवळच्या भिंतीवर दर रविवारी पाण्याची पातळी खडूने लिहितात.

शेजाऱ्याचे नुकसान थांबले नाही. त्याने जाळे लावण्याची वेळ बदलली; रात्रभर सोडून न देता तो आता मध्यरात्री होडीत बसूनच राहतो आणि उजाडण्यापूर्वी जाळे उचलतो. फाटणे कमी झाले, झोप गेली. एका महिन्यात दोनदा जाळे फाटले तेव्हा तो पुन्हा अंगणात येऊन बोलून गेला. वहाळाच्या तोंडाशी फास पुन्हा दिसला नाही. तो त्याने कधी काढला, बांधाच्या आधी की नंतर, हे आबांनी विचारलेले नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला आणि एका रात्रीत बांध गेला. झावळ्या नदीत, पोती मळ्यात. सकाळी आबांनी व्हिडिओ कॉलवर नातवाला रिकामी जागा दाखवली. तो हिरमुसला.

“परत कधी?” त्याने विचारले.

“देवदिवाळी झाली की,” आबा म्हणाले, आणि मागे उभ्या असलेल्या शेजाऱ्याने चिव्याच्या काठ्या यंदा आपल्या बेटातल्या घ्याव्यात, गेल्या खेपेच्या फार कोवळ्या होत्या, असे मोबाइलच्या दिशेने मोठ्याने सांगितले.